दारी येणारी गाडी आणि आमच्या कोंबड्या
(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर ‘शेतीमालाचे मूल्यवर्धन’ असे शब्द लिहिले आणि उदाहरणे विचारली. कोणी टोमॅटोचा सॉस सांगितला, कोणी बटाट्याचे वेफर्स, तर कोणी कांद्याची पावडर. मी मागच्या बाकावरून ‘कोंबडी’ म्हटले आणि वर्गात हशा पिकला. सर मात्र हसले नाहीत. ‘कोंबडीत कसले मूल्यवर्धन करणार, सांग,’ असे त्यांनी विचारले. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

माझे घर सुप्याजवळच्या एका वस्तीवर आहे. नगर-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्यांना सुपे म्हटले की औद्योगिक वसाहत आणि ढाब्यांच्या पाट्या दिसतात. रस्ता सोडून दोन-तीन मैल आत गेले की मुरमाड जमीन, कांद्याची वावरे, पावसाची वाट पाहणारी बाजरी आणि घराघरामागे एक पत्र्याची शेड असे आमचे जग लागते. शेडमध्ये कोंबड्या असतात. माझ्या आईकडे एका वेळी दीडशे सुधारित गावरान पक्षी असतात आणि वर्षातून तीन वेळा ती बॅच काढते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. माझी फी, एस.टी.चा पास, वह्या-पुस्तके हे सारे या शेडीतून निघते. म्हणून कोंबडीचा भाव हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय नाही.

आमचा पक्षी तीन महिन्यांत साधारण १४०० ग्रॅम भरतो. व्यापारी पिक-अप घेऊन दारात येतो, क्रेट भरतो, काटा करतो आणि जिवंत वजनावर पैसे देतो. गेल्या खेपेला किलोला २०० रुपये मिळाले, म्हणजे एका पक्ष्याचे २८०. त्याच सुमारास हमरस्त्यावरचा एक हॉटेलवाला आईकडे आला. त्याला आठवड्याला साठ पक्षी हवे होते, पण साफ केलेले, कातडीसकट, थंड करून पिशवीत भरलेले, आणि पक्के बिल. भाव किलोला ४०० देतो म्हणाला. साफ केल्यावर पक्ष्याचे वजन सुमारे ६८ ते ७० टक्के उरते, म्हणजे आमच्या पक्ष्याचे ९५० ग्रॅम धरू. त्याचे ३८० झाले. पक्ष्यामागे १०० रुपयांचा फरक! आईने रात्रभर विचार केला आणि सकाळी ‘जमणार नाही’ असे कळवले. जमणार नाही याची कारणे तिला तोंडपाठ होती. कापणार कोण, पाणी कुठले, बर्फ कुठला, घाण टाकायची कुठे आणि बिल कोणाच्या नावाने फाडायचे? शेवटी तेच पक्षी २०० च्या भावाने पिक-अपमध्ये चढले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे बायका कोंबड्या वाढवतात, पण कापत नाहीत. घरी पाहुणे आले किंवा जत्रा असली की मुलाणी चाचांना निरोप जातो. ते आपली सुरी घेऊन येतात, हलाल करतात, आपला वाटा घेतात आणि पुढच्या घरी जातात. बलुते-अलुत्यांच्या काळापासून गावोगाव ही रीत चालत आली आहे आणि जत्रेचा बकराही त्यांच्याच हातून कापला जातो. दारोदार फिरणारी, सगळ्या गावाची सामाईक सोय ती हीच. मळणी यंत्रही तसेच. प्रत्येकाने आपापले विकत घेण्याऐवजी एकाने घ्यायचे, सुगीत ते खळ्याखळ्यावरून फिरवायचे आणि पोत्यामागे भाडे मोजायचे. मग कोंबडी साफ करण्याचे सारे सामान चाकावर बसवून गावोगाव का नेऊ नये? ‘फिरते प्रक्रिया केंद्र’ म्हणतात ते एवढेच आहे.

ही गाडी आतून कशी असते? ट्रॅक्टर किंवा पिक-अपमागे जोडायची एक बंद ट्रॉली, जमीन धुता येईल अशी, भिंती गुळगुळीत पत्र्याच्या. तिचे दोन भाग करायचे, एक मळका आणि एक स्वच्छ, आणि मळक्या बाजूचा माणूस हात धुतल्यावाचून स्वच्छ बाजूला येणार नाही. आदल्या रात्रीपासून, म्हणजे आठ ते बारा तास, पक्ष्यांचे खाद्य बंद ठेवतात, पाणी मात्र चालू असते. पोट रिकामे असले की आतडे फुटून मांस खराब होण्याचा धोका कमी होतो. मग पक्षी डोके खाली करून पत्र्याच्या शंकूत ठेवतात. शंकूत पंख आवळून बसतात, पक्षी फडफडत नाही, जखमी होत नाही. मान कापल्यावर दीड-दोन मिनिटे रक्त पूर्ण निथळू द्यायचे. त्यानंतर गरम पाण्याची टाकी. पाणी ५१ ते ५४ अंश असेल तर पक्षी दोन मिनिटे बुडवतात, ६० अंशाच्या आसपास असेल तर मिनिटभरच. आमच्या गावरान पक्ष्याचे पीस घट्ट, त्यामुळे त्याला कढत पाणी लागते. पुढे रबरी बोटे बसवलेले पिंप असते. त्यात पक्षी फिरला की अर्ध्या मिनिटात पिसे निघतात.

इथवर मळकी बाजू. स्वच्छ बाजूला आतडी काढायची, काळीज आणि पेटा वेगळा करायचा, आतून-बाहेरून धुवायचे आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून मांस ४ अंशांपर्यंत उतरवायचे. सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि आपल्या बाजारात नेमकी हीच गाळली जाते. कोंबडीच्या आतड्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू असतात. मांस ऊबदार राहिले तर साल्मोनेलासारखे जंतू झपाट्याने वाढतात, थंड केले की वाढ रोखली जाते. चिकनच्या दुकानात डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी ‘ताजी’ म्हणून आपण निर्धास्त घेतो, पण ज्या ठोकळ्यावर ती कापली तो सकाळपासून किती वेळा धुतला, हे विचारत नाही. दुकानदार बहुधा कातडीच सोलून टाकतो, म्हणून त्याला गरम पाण्याची टाकी लागत नाही. गावरान कोंबडीची गोष्ट वेगळी. ती कातडीसकट, वर जाळावर भाजून, हळद लावून शिजवायची असते. हॉटेलवाल्याने कातडी मागितली ती उगीच नाही.

अशा गाड्या परदेशात चालतात. अमेरिकेत १९५७ च्या कायद्याने विक्रीच्या कोंबडीची सरकारी तपासणी सक्तीची झाली, मोठे कारखाने वाढले आणि लहान शेतकऱ्याला जवळपास कापून देणारा कोणी उरेना. पुढे वर्षाला १००० पक्ष्यांपर्यंत आणि काही अटींवर २०००० पक्ष्यांपर्यंत रोजच्या तपासणीतून सूट देण्यात आली. वॉशिंग्टन राज्यातल्या लोपेझ बेटावरच्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून २००२ साली सरकारी तपासणी असलेली त्या देशातली पहिली फिरती गाडी सुरू केली. ती गाई-मेंढ्यांसाठी होती. मार्थाज व्हिनयार्ड या दुसऱ्या बेटावर कोंबड्यांसाठी अशीच ट्रॉली फिरवली गेली. दोन्ही ठिकाणी बेटेच पाहून मला आधी नवल वाटले. मग उमगले की जनावर बोटीत घालून मुख्य भूमीवर न्यायचे आणि मांस परत आणायचे, हे लहान शेतकऱ्याला परवडतच नाही. आमचे सुपे बेट नाही, हमरस्त्यावर आहे. परंतु दीडशे कोंबड्या असलेल्या बाईला मोठा कारखाना समुद्रापलीकडे असल्यासारखाच दूर असतो.

आता कोणी म्हणेल, महाराष्ट्रात कुक्कुटपालन एवढे वाढले, त्याचे काय? खरे आहे. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीजची सुरुवात केली आणि परसातली कोंबडी हा उद्योग झाला. १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली आणि अंड्याचा भाव जाहीर करण्याची सूत्रे उत्पादकांच्या हाती आली. ब्रॉयलरमध्ये कराराची पद्धत आली. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची, शेड, वीज आणि मेहनत शेतकऱ्याची, आणि किलोमागे ठरलेला मेहनताना. या पद्धतीला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. आमच्या शेजारच्या दोन घरांना तिने सावरले आहे, कारण भाव पडला तरी मेहनताना बुडत नाही. पण त्या शेडीतला पक्षी शेतकऱ्याचा नसतो. त्याला फिरत्या गाडीचा काय उपयोग? म्हणून गाडीचा विचार ज्याचा पक्षी स्वतःचा आहे त्याच्यापुरता, म्हणजे मुख्यतः गावरान पाळणाऱ्या बायांपुरताच करायला हवा. आईसमोर सध्या हाच पेच आहे. शेड वाढवून करारात जायचे की आपले दीडशे पक्षी धरून राहायचे?

आपला पक्षी म्हणजे आपला धोका, हेही तितकेच खरे. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडीने कोरोना होतो अशी खोटी बातमी मोबाईलवर फिरली आणि भाव कोसळला. मी तेव्हा शाळेत होते. पिक-अप आलीच नाही. पक्षी मात्र रोज खात होते. आईने काही शेजारी वाटले, काही मिळेल त्या भावाने दिले आणि शेवटचे खाद्य उसने आणले. दरवर्षी याच संकटाची लहान आवृत्ती श्रावणात येते. आषाढात गटारीपर्यंत मागणीला खळ नसतो, नंतर श्रावण, गणपती, नवरात्र. बॅच आठवडाभर जरी मागे पडली तरी पक्षी श्रावणात सापडतो. दीडशे पक्ष्यांना दिवसाला १२-१३ किलो खाद्य लागते, महिन्याचे जवळजवळ चार क्विंटल झाले. वजन फारसे वाढत नाही, मांस चिवट होते. जिवंत पक्षी थांबू शकत नाही, हे या धंद्याचे मूळ दुखणे आहे. कांदा निदान चाळीत राहतो.

तेव्हा गाडी आली की सगळे सुटेल, असे मला पहिल्यांदा वाटले होते. मी वहीत हिशेब मांडला. गाडीने पक्ष्यामागे ३० रुपये आकारले, दिवसाला १०० पक्षी केले आणि वर्षातले २०० दिवस काम मिळाले, तर ६ लाख जमा. तीन माणसांना रोज ५०० प्रमाणे २०० दिवसांचे ३ लाख गेले. उरलेल्या ३ लाखांत डिझेल, गॅस, बर्फ, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता. ओढाताण आहे, पण अशक्य नाही. शेतकऱ्याकडे पाहू. १०० रुपयांच्या फरकातून ३० गाडीचे आणि पिशवी, बर्फपेटी, वाहतूक यांचे १५-२० गेले, तर पक्ष्यामागे ५० रुपये उरतात. दीडशे पक्ष्यांचे साडेसात हजार. एवढ्यात माझे कॉलेजचे वर्ष निघते.

हिशेब घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेन्सिलीने एकाच आकड्याभोवती वर्तुळ केले. शंभर गुणिले दोनशे म्हणजे वर्षाला २०००० पक्षी. एका घराचे तीन बॅचमध्ये ४५० होतात. म्हणजे साधारण ४५ घरे हवीत. ‘आहेत का?’ सरांनी विचारले. हंगा, वाघुंडे, पळवे, वाळवणे अशी आसपासची गावे धरली तर असतीलही. पण त्या ४५ घरांना गाडी कधी हवी? आषाढात! मळणी यंत्राचा अनुभव कोणाला नाही? सुगीत त्याच्यासाठी भांडणे होतात आणि एरवी ते झाडाखाली गंजत उभे असते. गाडीचेही तेच होणार, जर पिल्ले टाकण्याच्या तारखा घरोघर आधी वाटून घेतल्या नाहीत. गाडीच्या आधी वेळापत्रक हवे, आणि ते पाळणारी माणसे हवीत. साखर कारखान्याची ऊसतोडीची नोंद असते तसेच. सहकारी साखर कारखानदारीची वाट ज्या जिल्ह्याने प्रवरानगरला घालून दिली, त्याला हे समजावून सांगायला नको.

दुसरा प्रश्न पाण्याचा. धुण्या-थंड करण्याला पक्ष्यामागे १० लिटर धरले तरी शंभर पक्ष्यांना १००० लिटर. आमचा पारनेर तालुका पर्जन्यछायेत येतो. राळेगणसिद्धी आमच्या शेजारीच आहे आणि थेंब थेंब कसा अडवावा हे त्या गावाने दाखवले, तरी आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. पिण्याच्या टँकरमधून कोंबड्या धुवायच्या, हे कोणत्या तोंडाने मागायचे? शिवाय ते रक्ताचे पाणी ओढ्यात सोडून चालत नाही. घाणही थोडी नाही. १४०० ग्रॅमच्या पक्ष्यामागे ४०० ग्रॅमच्या वर पिसे, रक्त, आतडी निघतात, म्हणजे शंभर पक्ष्यांचे ४० किलोहून अधिक. ती उघड्यावर टाकली की कुत्री जमतात आणि दुसऱ्या आठवड्यात गाव उठते. यावर उपाय आहे. शेडमधले तूस, पालापाचोळा यांच्या थरात ती नीट गाडून कुजवली तर खत होते. आमच्याकडे कांद्याला कोंबडीखत सोन्यासारखे मोजून घेतात. पण त्यालाही जागा आणि राबणारे हात लागतात.

तिसरी अडचण मला पुस्तकात नव्हे, चाचांच्या बोलण्यात सापडली. त्यांना मी गाडीचे चित्र काढून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, ‘बेटा, ही गाडी आज त्या वस्तीवर, उद्या तुमच्या. तिकडं मानमोडी आली असली तर चाकाला लागून तुमच्यात येईल, त्याचं काय?’ मी गप्प झाले. मानमोडी म्हणजे राणीखेत. एकदा शेडमध्ये शिरली की लस न दिलेली अख्खी बॅच जाते. बर्ड फ्लूची तर गोष्टच नको. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आला. दारोदार फिरणारी गाडी दारोदार रोगही नेऊ शकते. म्हणजे गाडीने प्रत्येकाच्या शेडीपाशी जाणे चुकीचेच. तिने गावाबाहेर एका ठरलेल्या जागी उभे राहावे. तिथे सिमेंटचा ओटा, पाण्याची टाकी, शोषखड्डा आणि विजेची सोय असावी. पक्षी तिथे आणावेत, क्रेट धुऊन परत न्यावेत, आणि गाडी निघताना चाकांसह निर्जंतुक करावी.

‘मग ओटाच बांधा की आधी,’ चाचा म्हणाले. ‘गाडी मागून येऊ द्या.’

हे वाक्य मी सरांना सांगितले. सरांना ते पटले नाही. त्यांच्या मते ओटा एकाच गावाचा राहतो आणि पंचेचाळीस घरे एकत्र येत नाहीत. मला मात्र चाचांचे म्हणणे अधिक खरे वाटते, कारण कायदाही त्यांच्या बाजूने आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, आणि परवान्यांची नियमावली २०११ ची. त्या नियमावलीत दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत कापणाऱ्याला लहान व्यावसायिक धरले असून त्याने फक्त नोंदणी करायची आहे. ५० च्या वर १००० पर्यंत राज्याचा परवाना आणि त्यापुढे केंद्राचा. पन्नासच्या आत राहणारा ओटा सात-आठ बायांचा बचत गट चालवू शकतो. हॉटेलवाल्याचे साठ पक्षी दोन दिवसांत होतात.

कापणार कोण, हा प्रश्न चाचांनीच सोडवला. त्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर आहे, सहा महिने काम आणि सहा महिने घरी. त्याला रोज मिळाला तर तो यायला तयार आहे. पिसे काढण्यापासून पुढचे सगळे काम बायका करणार. यावर आमच्या गटाच्या बैठकीत पाऊण तास वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, ‘आतडी काढायची म्हंजे लोक काय म्हणतील?’ माझी चुलती फटकन बोलली, ‘घरी पाव्हणा आला की कोण काढतं? पाव्हणा काढतो का?’ सगळ्या हसल्या, पण त्या मावशींनी अजून होकार दिलेला नाही.

लहान बायांनी एकत्र येऊन कोंबड्यांचा धंदा करणे अशक्य नाही, याचे उदाहरण फार लांब नाही. मध्य प्रदेशातल्या केसला भागात प्रदान या संस्थेच्या पुढाकाराने आदिवासी स्त्रियांनी घराशेजारी तीनशे-चारशे पक्ष्यांच्या शेडी उभ्या केल्या आणि पिल्ले, खाद्य, औषध, विक्री सहकारी संस्थेमार्फत एकत्र केली. एकेकटी बाई व्यापाऱ्याशी काय बोलणार? गटाच्या वतीने कोणी बोलायला गेले की भाव निराळा होतो. आपल्याकडे पशुवैद्यकाची फिरती गाडी १९६२ या क्रमांकावर बोलावता येते. कापण्याआधी पक्षी निरोगी आहेत का, हे पाहण्यासाठी अशा डॉक्टरांचा ठरावीक दिवस मिळाला तर आमचे अर्धे काम झाले. तशी विनंती करायचे ठरले आहे, उत्तर काय येते ते पाहू.

थंड साठवणीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. बर्फपेटीत मांस एक-दोन दिवस राहते, श्रावण निभत नाही. मोठा फ्रीझर घ्यावा तर आमच्याकडची वीज दिवसा जाते, रात्री येते. दूध संकलन केंद्राच्या शीतकरण टाकीशेजारी जनित्र आहे, त्यावर फ्रीझर जोडता येईल का असे मी विचारून पाहिले. दुधाच्या शेजारी मांस नको, असे उत्तर मिळाले. तेही रास्तच आहे. म्हणून सध्या ओटा फक्त ज्यांची मागणी आधी पक्की आहे त्यांच्यासाठीच चालवायचा आणि श्रावणात सापडेल अशी बॅच टाकायचीच नाही, असे आईने ठरवले. करारवाल्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. आईने त्याला दिवाळीनंतर सांगते म्हटले आहे.

हॉटेलवाल्याला आम्ही पुन्हा भेटलो. तो म्हणाला, आधी दोन आठवडे माल बघेन, मग बोलू. गटाने गावठाणाच्या कडेची दोन गुंठे जागा पाहिली आहे. ओट्यासाठी ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागतो, तो विषय पुढच्या मासिक सभेत यायचा आहे. अर्ज लिहायचे काम माझ्याकडे आले. सात जणींपैकी चौघी सही करतात, तिघी अंगठा देतात. काल संध्याकाळी शेडीत पिल्लांना पाणी पाजता पाजता आईने तो अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि सांडपाण्याचे कलम आणखी ठसठशीत लिही म्हणाली, कारण सभेत पहिला हात त्यावरच वर होणार आहे.